वाचक विचारतात : थायलंडचं गाव नेमकं कोणाच्या हाती?

मागच्या अंकात मी आमच्या तांबोनच्या, म्हणजे गावगटाच्या, कचेरीबद्दल लिहिलं होतं. सासूबाईंचा म्हातारपणाचा भत्ता तिथून कसा येतो, कचऱ्याची गाडी कोण पाठवतं, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कोणाच्या सहीने निघतो, असा तो मजकूर होता. त्यावर बरीच पत्रं आली. लग्नानंतर मी खोन केन प्रांतात राहायला आले आणि इथे येणाऱ्या भारतीय कुटुंबांची कागदपत्रं करून देता देता इथल्या कचेऱ्या, दाखले, शिक्के अंगवळणी पडले. त्या बळावर ही उत्तरं देते आहे.

मी माजी ग्रामपंचायत सदस्य. थायलंडच्या सहलीत आम्ही एका गावात थांबलो होतो. खाकी गणवेशातल्या एका गृहस्थांची ओळख ‘गावचे प्रमुख’ म्हणून करून दिली. तासाभराने दुसरे एक जण आले, तेही प्रमुखच! मग सरपंच कोण? — एक वाचक, तासगाव

दोघेही खरेच प्रमुख, पण दोघांचे मालक वेगळे.

खाकीतले गृहस्थ म्हणजे फू याई बान. गावकरी त्यांना मत देऊन निवडतात, पण एकदा निवडून आले की वयाची साठी गाठेपर्यंत ते पदावर राहू शकतात. दर पाच वर्षांनी निवडणूक घेण्याचा नियम १९९२ साली आला होता, तो २००८ च्या दुरुस्तीने गेला. गटातल्या फू याई बानांपैकीच एक जण कामनान होतो, म्हणजे साऱ्या तांबोनचा प्रमुख. या सगळ्यांचं मानधन अंतर्गत मंत्रालयाकडून येतं. त्यांच्यावर नाय अम्फो, म्हणजे जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा, आपल्या तहसीलदाराच्या जवळ जाणारा अधिकारी. त्याच्यावर प्रांताचा राज्यपाल. नाय अम्फो आणि राज्यपाल हे दोघेही बँकॉकहून नेमलेले.

ही उतरंड राजा चुलालोंगकोर्नच्या काळातली आहे. १८९२ मध्ये त्याने मंत्रालयं नव्याने बांधली आणि अंतर्गत कारभार आपला सावत्र भाऊ राजपुत्र दामरोंग याच्याकडे दिला. तोवर दूरच्या प्रांतांत पिढीजात सरदार घराण्यांची सत्ता होती. पश्चिमेकडे इंग्रज, पूर्वेकडे फ्रेंच टेकलेले असताना ती घराणी हाताशी ठेवणं बँकॉकला धोक्याचं वाटत होतं. म्हणून प्रांतोप्रांती पगारी अधिकारी गेले आणि गावपातळीला कायद्याच्या चौकटीत आणलं गेलं. १९१४ चा स्थानिक कारभाराचा कायदा त्या घडणीतला. अनेक दुरुस्त्या अंगावर घेऊन तो आजही लागू आहे. शंभराहून अधिक वर्षं टिकलेल्या या रचनेबद्दल मला आदर आहे. पूर आला की रात्री दोनला भोंग्यावरून गाव उठवणारा माणूस फू याई बानच असतो.

दुसरे गृहस्थ म्हणजे ऑ-बॉ-तॉचे नायोक. ऑ-बॉ-तॉ हे तांबोन प्रशासन संस्थेचं रोजच्या बोलण्यातलं नाव. १९९४ च्या कायद्याने ही संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत कामनान आणि फू याई बान हेच तिच्यात पदसिद्ध बसायचे, म्हणजे नवी पाटी आणि जुनीच माणसं. १९९७ च्या संविधानानंतर ते बाहेर झाले आणि २००३ पासून नायोक थेट मतदारांकडून, चार वर्षांसाठी निवडला जाऊ लागला. रस्ता, गटार, कचरा, बालवाडी, शाळेतल्या पोरांचं दूध, म्हाताऱ्यांचा भत्ता ही कामं त्याच्याकडे. भत्ता वयाप्रमाणे वाढतो: साठीनंतर महिन्याला ६०० बाट, सत्तरीनंतर ७००, ऐंशीनंतर ८०० आणि नव्वदीनंतर १०००.

तुम्हाला महाराष्ट्रातून समजून घ्यायचं तर सरपंच आणि पोलीस पाटील डोळ्यांपुढे आणा. मात्र इथला पोलीस पाटील फार वजनदार आहे. बक्षीसपत्र असो, भांडण असो, जन्माची साक्ष असो, लोक आधी फू याई बानच्या ओसरीवर जातात. आणि खरी गोम पुढेच आहे. ऑ-बॉ-तॉने अंदाजपत्रक केलं की ते मंजुरीसाठी नाय अम्फोकडे जातं. निवडून आलेल्याने आखायचं आणि नेमलेल्याने मान्य करायचं, असा हा क्रम. देशात ७६ प्रांत, ८७८ अम्फो, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे भाग, आणि सात हजारांवर तांबोन आहेत. या प्रत्येक पायरीवर नेमलेली रांग आणि निवडलेली रांग समोरासमोर उभी आहे. गावातली अर्धी भांडणं माणसांच्या स्वभावातून आलेली नाहीत, ती या दोन रांगांतून आलेली आहेत, असं माझं मत आहे.

मी पशुवैद्यकीय खात्यात आहे. ऑडिटच्या आक्षेपामुळे थायलंडमध्ये कुत्र्यांचं रेबीज लसीकरण थांबलं आणि माणसं दगावली, असं एका प्रशिक्षणात ऐकलं. हे खरं आहे का? आपल्याकडेही ऑडिट पॅऱ्याची धास्ती असते, म्हणून विचारतो. — एक वाचक, वाशीम

खरं आहे. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण थाई स्थानिक कारभाराचं दुखणं समजून घ्यायला याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

इथल्या गावांत मोकाट आणि अर्धपाळीव कुत्री भरपूर. देवळांच्या आवारात तर कळपच असतात, कारण नकोसं पिल्लू लोक भिक्खूंच्या दाराशी सोडून जातात. वर्षानुवर्षं थेसाबान, म्हणजे नगरपालिका, आणि ऑ-बॉ-तॉ आपल्या पैशातून लस विकत घ्यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला देवळाच्या अंगणात टेबल मांडलं जायचं. लोक कुत्री दोरीला बांधून आणायचे. आरोग्य स्वयंसेवक बायका वहीत नोंदी करायच्या.

मग राज्य लेखापरीक्षण कार्यालयाने काही संस्थांच्या खर्चावर आक्षेप घेतला. मुद्दा असा होता, की १९९२ च्या रेबीज कायद्याप्रमाणे हे काम पशुसंवर्धन विभागाचं आहे. स्थानिक संस्थेला ते करण्याचा स्पष्ट अधिकार कुठे लिहिलेला आहे? नसेल तर हा खर्च नियमबाह्य. नियमबाह्य खर्च म्हणजे वसुली, आणि वसुली सही करणाऱ्याच्या खिशातून. वाशीमला बसून तुम्हाला पुढचं सांगायला नको. एका संस्थेला असा आक्षेप लागला की शेजारच्या पन्नास संस्था सही करायच्या थांबतात. लसीकरण बंद करा असा हुकूम कोणीच काढला नाही. तरीही लेखणी टेबलावर तशीच पडून राहिली.

पशुसंवर्धन विभागाकडे प्रत्येक गावात जायला माणसं नव्हती, तेवढी लसही नव्हती. दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात. दोन हंगाम चुकले की गावातल्या कुत्र्यांचं संरक्षण विरळ होऊन जातं. २०१८ मध्ये व्हायचं ते झालं. आमच्या इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, सुरीन आणि रोई एत प्रांतांत बाधित जनावरं मोठ्या संख्येने सापडली. त्या एका वर्षात देशभर डझनावर माणसं रेबीजने गेली. रेबीज झाल्यावर उपाय नाही हे तुम्ही जाणता. त्यांतल्या अनेकांना घरच्याच, ओळखीच्या कुत्र्याने ओरखडलेलं असतं आणि त्यांनी इंजेक्शन घेतलेलं नसतं.

मग धावपळ सुरू झाली. लसीकरण करू नका असं आम्ही कधी म्हटलं नव्हतं, अशी लेखापरीक्षण कार्यालयाची भूमिका होती. शब्दांपुरती ती बरोबरही असेल. अंतर्गत मंत्रालयाने स्थानिक संस्थांना लस घेता येईल अशी वाट मोकळी करून दिली. टेबलं पुन्हा मांडली गेली. राजकन्या चुलाभोर्न यांच्या नावाने २०१६ पासून सुरू असलेल्या रेबीजमुक्तीच्या मोहिमेलाही त्यानंतर जोर आला.

मला यात ऑडिटरला खलनायक करायचं नाही. गावगाड्यातला पैसा कोणी तपासूच नये, असं कोण म्हणेल? विमानतळाजवळच्या समुत प्राकान प्रांतात एका ऑ-बॉ-तॉने किन्नरीच्या आकृतीचे सजवलेले दिव्यांचे खांब हजारोंनी उभे केले, एकेक खांब ९० हजार बाटच्या वर. २०२१ मध्ये त्याचे फोटो देशभर फिरले तेव्हा शेतातल्या, झाडीतल्या, अगदी वस्ती नसलेल्या रस्त्यांवरही ते खांब दिसत होते. तपासणी हवीच. पण जो कायदा संस्थेला ‘यादीत आहे तेवढंच कर’ म्हणतो, तो पिसाळलेल्या कुत्र्यालाही यादी वाचायला लावतो. स्थानिक संस्थेला आपल्या हद्दीत, दुसऱ्या कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही असं कोणतंही लोकोपयोगी काम करता यावं, अशी उलटी मांडणी इथले सुधारणावादी मागतात. खर्च योग्य झाला का हे तपासा, पण काम करायचा हक्क आहे का हा प्रश्न दर वेळी विचारू नका, एवढीच ती मागणी आहे. मी या मागणीच्या बाजूची आहे, आणि लपवायचं काही कारण नाही.

मी विधी शाखेची विद्यार्थिनी. थायलंडच्या १९९७ च्या संविधानाचं विकेंद्रीकरणासाठी कौतुक वाचते. मग प्रत्यक्षात ते अडकलं कुठे? — एक वाचक, पुणे

पैशात आणि लष्करात.

१९९९ च्या विकेंद्रीकरण कायद्याने आकडा लिहून ठेवला होता. सरकारच्या एकूण महसुलातला किमान २० टक्के वाटा २००१ पर्यंत आणि किमान ३५ टक्के वाटा २००६ पर्यंत स्थानिक संस्थांकडे जायला हवा. कायद्यात असा आकडा आणि तारीख सहसा येत नाही, म्हणून लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. २००६ च्या सप्टेंबरमध्ये लष्करी बंड झालं. बंडानंतरच्या सरकारने कायदा दुरुस्त केला: किमान २५ टक्के बंधनकारक आणि ३५ हे ‘उद्दिष्ट’. ते उद्दिष्ट आजतागायत गाठलेलं नाही. शिवाय मिळणाऱ्या पैशातला मोठा भाग अनुदानाचा, कशावर खर्च करायचा हे आधीच ठरवून आलेला. भत्ता, दूध, शाळेतलं जेवण हे सगळं त्याच हिशेबात धरलं जातं. नायोकच्या हाती मोकळा पैसा थोडाच उरतो.

स्वतःचं उत्पन्न वाढावं म्हणून जमीन आणि इमारत कर आला. १९३२ पासूनचा घरपट्टीचा जुना कायदा बाजूला सारून २०२० पासून तो लागू झाला. आता कर भाड्याच्या अंदाजावर नाही, मालमत्तेच्या किमतीवर. कल्पना चांगली होती. पण पहिल्याच वर्षी कोविड आला आणि केंद्राने सलग दोन वर्षं या करात ९० टक्के सूट दिली. सूट देणारं केंद्र, उत्पन्न बुडालेल्या मात्र स्थानिक संस्था. दुसरीकडे बँकॉकच्या ऐन मोक्याच्या रिकाम्या भूखंडांवर रातोरात लिंबाची आणि केळीची रोपं लागली, कारण शेतजमिनीला कर कमी. तुम्ही कायदा शिकता आहात, तर हे लक्षात घ्या, की कराचा दर ठरवण्याइतकंच ‘शेती’ कशाला म्हणायचं हे लिहिणंही महत्त्वाचं असतं.

आता लष्कर. २२ मे २०१४ चं बंड झाल्यावर स्थानिक निवडणुकाच थांबवल्या गेल्या. २०१२-१३ च्या सुमारास निवडून आलेली माणसं, लष्कराच्या आदेशाने, मुदत संपूनही खुर्चीवर राहिली. चौकशी सुरू आहे असं सांगून काहींना बाजूला केलं. बँकॉकच्या निवडून आलेल्या राज्यपालांना २०१६ मध्ये बाजूला करून लष्करी सरकारने दुसरा माणूस नेमला. प्रांत पातळीवरच्या निवडून येणाऱ्या संस्थांची पुढची निवडणूक झाली ती २० डिसेंबर २०२० ला, नगरपालिकांची मार्च २०२१ मध्ये आणि ऑ-बॉ-तॉची सगळ्यात शेवटी, २८ नोव्हेंबर २०२१ ला. पंचविशीतल्या कितीतरी थाई तरुणांनी आपल्या गावचा नायोक त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा निवडला.

आणि मत द्यायचं तरी कुठे? ज्या घराच्या नोंदवहीत नाव, त्याच गावात. स्थानिक निवडणुकीला आगाऊ मतदान नाही. आमच्या भागातली निम्मी तरणी मुलं बँकॉकच्या बांधकामावर नाहीतर रेयाँग-चोनबुरीच्या कारखान्यांत. प्रांतिक निवडणूक १ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, ठेवली. पुष्कळ कारखान्यांत शनिवार कामाचा असतो. रात्रभर बसमध्ये बसून यायचं, मत द्यायचं आणि रविवारी परतायचं, त्यात एका दिवसाची मजुरी बुडवायची. हे करूनही आलेल्या मुलांना मी रांगेत पाहिलं आहे. त्यांच्याविषयी मला फार वाटतं.

मुलगा नोकरीसाठी रेयाँगला गेला आहे. त्याला कोणी ‘पिवळं पुस्तक’ काढायला सांगितलं. ते आवश्यक आहे का? — एक वाचक, डोंबिवली

बंधनकारक नाही, पण काढलेलं बरं. थाई नागरिकाच्या घराची नोंदवही निळी, तर परदेशी माणसाची नोंद पिवळ्या वहीत होते. अम्फोच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे अर्ज करायचा. पासपोर्टचं थाई भाषांतर प्रमाणित करून लागतं, घरमालकाची संमती लागते आणि बहुतेक ठिकाणी साक्षीदार, तेही शक्यतो फू याई बान, सोबत न्यावे लागतात. कोणता कागद मागतील हे कचेरीगणिक बदलतं, म्हणून मुलाला आधी नुसतं जाऊन यादी लिहून आणायला सांगा. त्या वहीच्या आधारे गुलाबी ओळखपत्र मिळतं आणि वाहन परवाना, बँक वगैरे कामं सोपी होतात.

मात्र एक गोष्ट खरोखर बंधनकारक आहे: परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं. १९७९ च्या कायद्यातली ती तरतूद आहे. मालक विसरतात आणि व्हिसाच्या वेळी त्रास भाडेकरूला होतो. मुलाने मालकाकडून त्याची पावती मागून घ्यावी.

आमच्याकडे औष्णिक वीजकेंद्रांचा धूर आहे. थायलंडमध्ये सामान्य माणूस प्रदूषणासाठी सरकारी खात्याला कोर्टात खेचू शकतो का? — एक वाचक, चंद्रपूर

खेचू शकतो आणि जिंकूही शकतो. १९९७ च्या संविधानातून निघालेली, आणि नंतरच्या बंडांतही तगलेली, सगळ्यात मोलाची संस्था मला विचाराल तर प्रशासकीय न्यायालय. ते २००१ मध्ये सुरू झालं. सरकारी अधिकाऱ्याने केलेल्या किंवा न केलेल्या कामाविरुद्ध तिथे दाद मागता येते. ‘न केलेल्या’ हा त्यातला जीव आहे.

कांचनाबुरी प्रांतात डोंगरांत खलिती नावाचा ओढा आहे. काठाला कॅरन लोकांची वस्ती. वरच्या अंगाला शिसं वेगळं करणारा कारखाना होता आणि त्याची घाण ओढ्यात यायची. लोक तेच पाणी प्यायचे, त्यातलेच मासे खायचे. गुरं मेली, मुलं आजारी पडू लागली. गावातल्या २२ जणांनी प्रदूषण नियंत्रण विभागाविरुद्ध दावा लावला: कारखान्याने घाण केली हे झालंच, पण ती साफ करून घेणं तुमचं काम होतं आणि तुम्ही ते केलं नाही. १० जानेवारी २०१३ ला सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला. प्रत्येकी सुमारे १ लाख ७७ हजार बाट भरपाई द्या आणि पाण्यातलं, मातीतलं, मासळीतलं शिसं सुरक्षित पातळीला येईपर्यंत ओढा साफ करत राहा.

निकालानंतर गाळ उपसायचं काम सुरू व्हायलाच वर्षं गेली. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला चुकीची आशा लागेल. पण सरकारी खात्याचं स्वस्थ बसणं हाही अपराध आहे, हे एका जंगलातल्या वस्तीने साऱ्या देशासाठी कोरून घेतलं.

रेयाँगच्या मॅप ता फुट औद्योगिक पट्ट्यातही तसंच घडलं. २००९ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तिथले ७६ प्रकल्प एका फटक्यात थांबवले, त्यांतले ६५ डिसेंबरच्या वरच्या निकालातही थांबलेलेच राहिले. आणि चियांग माईत दर वर्षी फेब्रुवारी-मार्चला जंगल-शेत जाळल्याचा धूर कोंडतो, त्याबद्दल तिथल्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान आणि राष्ट्रीय पर्यावरण मंडळाला ९० दिवसांत तातडीचा आराखडा करायला सांगितलं. तुमच्याकडे राष्ट्रीय हरित लवाद आहे. खलितीच्या लोकांनी पाण्याचे आणि रक्ताचे तपासणी अहवाल वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, ते त्यांच्या कामी आले. तुमच्या गटानेही दवाखान्याचा एकेक कागद सांभाळावा.

आम्ही दोघी गेली काही वर्षं एकत्र आहोत. थायलंडमध्ये आमचं लग्न नोंदवता येईल का? नाव छापू नये. — कोल्हापूर

हो, थायलंडच्या कायद्याने येईल. संसदेने २०२४ मध्ये दिवाणी संहितेत दुरुस्ती केली. कनिष्ठ सभागृहात ४०० मतं बाजूने पडली, सिनेटमध्ये १३०. जिथे ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ होतं तिथे ‘दोन व्यक्ती’ आलं. २३ जानेवारी २०२५ पासून देशातल्या प्रत्येक अम्फोत, बँकॉकमध्ये प्रभाग कचेरीत, नोंदणी सुरू झाली. कायदा बदलला आणि दुसऱ्या कुठल्या खास कचेरीत न जाता, जिथे जन्माचा दाखला मिळतो त्याच खिडकीवर तो लोकांना मिळाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नेमलेल्या रांगेबद्दल मी वर तक्रार केली, पण त्या दिवशी त्याच रांगेने देशभर एकाच सकाळी दारं उघडली. आमच्या अम्फोतल्या निबंधक बाईंनी टेबलावर फुलं ठेवली होती.

परदेशी जोडप्याला अविवाहित असल्याचा आपल्या दूतावासाचा दाखला, त्याचं थाई भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणन लागतं. निघण्याआधी भारतीय दूतावासाकडे लेखी विचारून घ्या. दाखला देताना कारण विचारलं जाऊ शकतं. भारतात मात्र या नोंदणीला कायदेशीर मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात हा विषय संसदेवर सोडला. म्हणून वारसा, विमा, दवाखान्यातल्या संमतीची सही यांसाठी कोल्हापुरात वकिलाकडून मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र वेगळं करून ठेवा. तुम्हा दोघींना माझ्या मनापासून शुभेच्छा.

बँकॉकचे राज्यपाल रस्त्यातला खड्डा मोबाइलवरच्या तक्रारीवरून बुजवतात म्हणे. मग सगळ्या प्रांतांत असा राज्यपाल का निवडत नाहीत? — एक वाचक, ठाणे

हाच प्रश्न इथले लोक तीस वर्षं विचारत आहेत.

बँकॉक हा ७६ प्रांतांत न मोडणारा वेगळा प्रदेश. तिथे राज्यपाल मतदार निवडतात. २२ मे २०२२ ला चाडचार्त सित्तिपुन्त १३ लाख ८६ हजारांवर मतं घेऊन निवडून आले. त्यांनी ट्रॅफी फोंड्यू नावाची तक्रारव्यवस्था शहरभर वापरात आणली. ती सरकारी तंत्रसंस्थेने आधीच बनवलेली होती. खड्ड्याचा फोटो टाकला की तो थेट त्या प्रभागाकडे जातो, आणि कोणी किती दिवसांत काम केलं हे सगळ्यांना दिसतं. यंत्र तेच होतं, पण ज्याला पुन्हा मतं मागायची आहेत अशा माणसाने ते चालवलं म्हणून ते चाललं.

बाकीच्या प्रांतांत राज्यपाल मंत्रालयातून येतो, अनेकदा निवृत्तीला दोन-एक वर्षं उरलेली असताना, आणि गाव ओळखीचं होईतो जातो. चियांग माईच्या लोकांनी स्वतःच्या निवडून दिलेल्या महानगर कारभारासाठी कायद्याचा मसुदा केला, दहा हजारांहून अधिक सह्या जमवल्या आणि २०१३ मध्ये तो संसदेत दिला. त्याच डिसेंबरात संसद विसर्जित झाली आणि पुढच्या मे महिन्यात बंड. २०२२ मध्ये राजकीय नेते थानाथोर्न जुआंगरूंगरुआंगकित यांच्या गटाने संविधानातलं स्थानिक कारभाराचं प्रकरणच बदलण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. तो प्रस्ताव वर्षअखेरीस संसदेने फेटाळला. संविधान बदलायला तेव्हा सिनेटच्या एक तृतीयांश मतांची अट होती आणि ते सिनेट लष्करी राजवटीने नेमलेलं होतं.

आता ते नेमलेलं सिनेट गेलं आहे. जुलै २०२४ पासून नवं बसलं, तेही थेट मतदारांनी निवडलेलं नाही, व्यवसायगटांतल्या उमेदवारांनी आपसांत निवडलेलं आहे. एक तृतीयांशाची अट मात्र तशीच आहे. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ पासून तांबोनांतली तीन हजारांवर आरोग्य केंद्रं प्रांतिक संस्थांकडे सोपवली गेली आहेत. आमच्या केंद्रातल्या परिचारिकेला विचारलं तर ती सांगते की औषधांची मागणी आता एका कचेरीकडे जाते आणि बदलीचा कागद दुसऱ्या कचेरीकडे. राज्यपाल निवडायला मिळेपर्यंत सुधारणा अशा तुकड्यातुकड्यांनीच येणार. पुढच्या अंकासाठी कोणाला या आरोग्य केंद्रांबद्दल विचारायचं असेल तर जरूर लिहा. त्या परिचारिकेने आपली वही दाखवायचं कबूल केलं आहे.